बँकेचा लिलाव आणि सोसायटीचा थकलेला मेंटेनन्स: शेवटी भरतं कोण?



"सर, बँकेच्या लिलावात गाळा स्वस्तात मिळतोय, घेऊ का?" आणि "सर, फ्लॅट तारण ठेवून धंद्याला कर्ज काढू का?" हे दोन प्रश्न वेगवेगळे वाटतात. पण दोघांच्याही वहीत एक खर्च बहुतेक वेळा लिहिलेलाच नसतो. तो म्हणजे सोसायटीचा थकलेला मेंटेनन्स. व्हिडिओमध्ये वेळेअभावी कायद्याची बाजू थोडक्यात घेतली होती. इथे ती सविस्तर, आकड्यांसकट समजून घेऊ.

येरमाळ्यात बसून हे का वाचायचं?

आपल्याकडे येरमाळ्यात घर म्हणजे स्वतःची जागा आणि स्वतःच्या भिंती. ग्रामपंचायतीची घरपट्टी, पाणीपट्टी आणि विजेचं बिल भरलं की विषय संपला. लिफ्ट नाही, वॉचमन नाही, कमिटी नाही, सेक्रेटरी नाही. त्यामुळे "मेंटेनन्स" हा शब्दच आपल्या हिशोबात बसत नाही.

पण धंदा वाढला की पाय गावाबाहेर पडतो. आपलं गाव सोलापूर-छत्रपती संभाजीनगर हायवेवर. कोणी बार्शीत गाळा बघतं, कोणी धाराशिवला, कोणी लातूरला. पुण्यात कामाला गेलेली पोरं तिकडेच फ्लॅट घेतात, आणि चार वर्षांनी तोच फ्लॅट तारण ठेवून धंद्याला भांडवल उभं करतात. म्हणजे मालक येरमाळ्याचा आणि मालमत्ता सोसायटीतली. इथेच गडबड होते, कारण सोसायटीतल्या मालमत्तेवर दोघांची नजर असते: एक बँक, दुसरी सोसायटी.

सोसायटीचा हक्क नक्की कशावर?

मेंटेनन्स हे भाडं नाही आणि देणगीही नाही. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातला दिवा, साफसफाई, वॉचमनचा पगार, इमारतीची दुरुस्ती, हे सगळे मिळून भरायचे पैसे. एकाने भरले नाहीत तर त्याचा भार बाकीच्यांवर पडतो. म्हणून कायद्याने सोसायटीच्या हातात दोन चाव्या दिल्या आहेत.

पहिली चावी वसुलीची. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्ये २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. त्यातल्या कलम १५४ब-२९ प्रमाणे सोसायटी निबंधकाकडे अर्ज करून थकबाकीचा वसुली दाखला घेऊ शकते. आधी हेच काम कलम १०१ खाली व्हायचं, म्हणून लोक अजूनही "१०१ चा दाखला" म्हणतात. दाखला मिळाला की वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो.

दुसरी चावी दाराची. त्याच प्रकरणातलं कलम १५४ब-७ सांगतं की वारस किंवा नॉमिनी सोडून दुसऱ्या कोणाच्या नावावर सदस्याचा हिस्सा करायचा असेल, तर आधी सोसायटीची देणी भरलेली पाहिजेत. म्हणजे तुम्ही बँकेला पूर्ण पैसे दिले, विक्री प्रमाणपत्र हातात आलं, तरी शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवताना सेक्रेटरी थकबाकीचा कागद पुढे करणारच.

मग बँक कुठे उभी आहे?

सरफेसी कायदा २००२ प्रमाणे बँक कोर्टात दावा न लावता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकू शकते. आपल्या भागातले बरेच जण सहकारी बँकेचे कर्जदार असतात. त्यांना वाटतं हा कायदा फक्त मोठ्या बँकांचा. तसं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये स्पष्ट केलं की सहकारी बँकाही सरफेसी वापरू शकतात. पतसंस्थेचं कर्ज असेल तर रस्ता वेगळा. तिथे सहकार कायद्याचा वसुली दाखला आणि १९६१ च्या नियमांतला नियम १०७ चालतो.

लिलावाचे पैसे आले की आधी खर्च वळता होतो, मग बँकेचं कर्ज, आणि उरलेली रक्कम ज्याचा हक्क आहे त्याला मिळते. तारणाची केंद्रीय नोंदणी, म्हणजे सरसाईची नोंद, केलेली असेल तर बँकेचा नंबर बाकीच्या देण्यांच्या आधी लागतो. जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ऑगस्ट २०२२ मध्ये बँकेचा नंबर सरकारी विक्रीकराच्याही आधी ठेवला. जिथे सरकारी कर मागे राहतो, तिथे सोसायटीने पुढे जाण्याची आशा धरू नये.

सगळीकडे असंच असतं असं नाही. अमेरिकेत नेवाडा राज्यात घरमालकांच्या संघटनेच्या नऊ महिन्यांच्या वर्गणीला कायद्याने गृहकर्जाच्याही वर जागा दिली आहे. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या थकबाकीसाठी संघटनेने रीतसर घर विकलं तर बँकेचं गहाणही संपू शकतं. आपल्याकडे चित्र उलटं आहे.

एका ओळीत लक्षात ठेवा: पैशाच्या रांगेत बँक पुढे, पण दारात सोसायटी उभी. बँकेचे पैसे लिलावातून वसूल होतात. सोसायटीचे राहिले, तर ती नवीन मालकाकडे बघते. थकबाकी लिलावाने पुसली जात नाही, ती फक्त माणूस बदलते.

हिशोब करून बघू

समजा, एका इमारतीत वर फ्लॅट आणि खाली गाळे आहेत. त्यातला एक गाळा लिलावात १८ लाखांना मिळतोय. बाजारभाव २१ लाख. तीन लाख वाचले म्हणून आपण खूश.

आता मेंटेनन्स महिना २,००० रुपये, आणि जुन्या मालकाने सहा वर्षं एक रुपया भरलेला नाही.

- मूळ थकबाकी: ७२ महिने × २,००० = १,४४,००० रुपये
- व्याज: २०१४ च्या आदर्श उपविधींमध्ये वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावायची मुभा आहे. त्या दराने साधारण ८९,००० रुपये
- एकूण: २ लाख ३३ हजारांच्या आसपास

तीन लाखांच्या फायद्यातले सव्वादोन लाखांहून जास्त इथेच गेले. अजून मुद्रांक शुल्क, नोंदणी, थकलेली घरपट्टी, विजेचं बिल आणि कुलूप उघडल्यावर निघणारी दुरुस्ती मोजायचीच आहे. म्हणजे "स्वस्त" गाळा बाजारभावाच्या वर जाऊ शकतो. सोसायटीने व्याजाचा दर नक्की किती ठरवलाय, ते सर्वसाधारण सभेच्या ठरावात असतं. तो ठराव बघायला मागा. लावलेला दर ठरावापेक्षा जास्त असेल तर तिथेच बोलता येतं.

"जसे आहे तसे, जेथे आहे तेथे" या शब्दांची किंमत

लिलावाच्या जाहिरातीत हे शब्द हमखास असतात. लोक वाचतात आणि पुढे जातात. त्यांचा अर्थ असा की मालमत्ता ज्या अवस्थेत आहे, ज्या देण्यांसह आहे, ती तशीच घ्यायची. चौकशी करणं तुमचं काम.

मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ या प्रकरणात बरीच अपिलं एकत्र ऐकून निकाल दिला. प्रश्न होता, लिलावात जागा घेणाऱ्याकडून जुन्या मालकाचं थकलेलं वीजबिल मागता येतं का? कोर्टाने सांगितलं की वीजपुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद असेल तर नवीन कनेक्शन देताना वीज कंपनी जुनी थकबाकी मागू शकते, आणि "जसे आहे तसे" म्हणून घेणाऱ्याने चौकशी करूनच घेतलं असं धरलं जाईल. हा निकाल विजेबद्दल आहे, मेंटेनन्सबद्दल नाही. पण त्यातून खरेदीदाराने घ्यायचा धडा एकच आहे.

विजेच्या बाबतीत महाराष्ट्रात थोडा दिलासा आहे. आपल्या वीजपुरवठा संहितेत, वारस सोडून दुसऱ्याकडे जागा गेली तर नवीन मालकावर येणारी जुनी थकबाकी जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या बिलापुरती धरली आहे. मेंटेनन्सला अशी सहा महिन्यांची मर्यादा नाही. म्हणून तो आकडा आधी काढायचा.

बरं, बोली जिंकल्यावर थकबाकी कळली आणि माघार घेतली तर? नियम असा: बोली मंजूर झाली की त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी २५ टक्के भरायचे, त्यात अनामत धरून. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी संमतीने मुदत वाढते, पण एकूण तीन महिन्यांच्या पुढे नाही. नाही भरले तर भरलेली रक्कम जप्त. फेब्रुवारी २०२४ मध्ये सेंट्रल बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशी २५ टक्क्यांची जप्ती योग्य ठरवली. आपल्या १८ लाखांच्या गाळ्यात ही रक्कम साडेचार लाख होते. सव्वादोन लाखांची थकबाकी टाळायला साडेचार लाख घालवायचे का? म्हणूनच चौकशी बोलीच्या आधी.

लिलावात घेणाऱ्याने काय करायचं?

१. जाहिरात नीट वाचा. बँकेला माहीत असलेले बोजे विक्रीच्या नोटिशीत लिहायचे असतात. "सोसायटीची देणी खरेदीदाराने भरायची" अशी ओळ असेल तर नंतर वाद घालायला जागा राहत नाही. ओळ नसेल तर बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला लेखी विचारा. ईमेल चालतो, फोन नको.

२. सोसायटीच्या ऑफिसात स्वतः जा. सेक्रेटरीकडून आजपर्यंतचा खातेउतारा मागा. मूळ रक्कम किती, व्याज किती, दुरुस्ती निधी किती, वेगवेगळं लिहून घ्या. तोंडी आकड्यावर बोली लावू नका.

३. वसुली दाखला निघालाय का ते विचारा. निघाला असेल तर कोणत्या तारखेचा, किती रकमेचा, जप्ती झालीय का?

४. सोसायटी आहे की अपार्टमेंट, ते बघा. काही इमारती सहकारी सोसायटी नसतात, त्या १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली असतात. तिथे थकलेल्या वर्गणीचा बोजा अपार्टमेंटवरच असतो. सरकारी आणि नगरपालिकेचे कर, आणि पहिलं गहाण, एवढंच त्याच्या वर असतं. आणि साध्या खरेदीत जुना मालक आणि नवीन मालक दोघंही थकबाकीला जबाबदार धरले जातात.

५. ताबा प्रत्यक्ष आहे की फक्त कागदावर? कागदावरचा ताबा असेल तर आत अजून कोणीतरी राहत असेल. तुम्ही वाट बघाल आणि मेंटेनन्सचं मीटर मात्र चालू राहील.

६. आकडा बोलीतून वजा करा. २१ लाखांच्या गाळ्यावर सव्वादोन लाखांची थकबाकी असेल तर तुमच्यासाठी तो पावणेएकोणीस लाखांचाच आहे. तिथून खाली बोली लावायची.

आता ज्याचं घर जातंय त्याच्यासाठी

हा भाग आधी वाचला गेला तर जास्त बरं. धंदा अडचणीत आला की माणूस आधी मेंटेनन्स थांबवतो. हप्ता मोठा, बँकेचे फोन रोज, आणि सोसायटीचा सेक्रेटरी ओळखीचा, त्यामुळे "त्यांचं नंतर बघू" होतं. हे समजण्यासारखं आहे. पण नंतर कसं अडतं ते बघा.

हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए होतं. मग बँक ६० दिवसांची मागणी नोटीस पाठवते. तुम्ही लेखी हरकत घेतली तर बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. त्यानंतर ताबा, आणि विक्रीपूर्वी ३० दिवसांची नोटीस. पूर्ण देणी भरून मालमत्ता सोडवायचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलं. "लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे आणून देतो" या भरवशावर राहू नका.

या काळात सगळ्यात चांगला मार्ग बहुतेक वेळा एकच असतो: बँकेची लेखी संमती घेऊन घर स्वतः विकायचं. मागणी नोटीस आल्यावर संमतीशिवाय विकता येत नाही, हे लक्षात ठेवा. स्वतः विकलं तर सहसा भाव बरा येतो आणि कर्ज फिटून हातात काही उरतं. पण खरेदीदार पहिला कागद कोणता मागतो? सोसायटीचा देणी नसल्याचा दाखला. सहा वर्षांची थकबाकी आणि कमिटीशी भांडण असेल तर हाच सौदा अडकतो आणि लिलावाची तारीख येते. दोन हजार रुपये महिना वाचवताना लाखांचा मार्ग बंद होतो.

म्हणून:

- शक्य असेल तोवर मेंटेनन्स चालू ठेवा. सगळा जमत नसेल तर जमेल तेवढा भरा आणि पावती घ्या.
- मेंटेनन्स भरायला सावकाराकडून पैसे उचलू नका. एक खड्डा बुजवायला दुसरा खणू नका.
- कमिटीला लेखी कळवा, गप्प बसू नका. व्याजात सूट किंवा हप्ते मागा. कमिटी सर्वसाधारण सभेपुढे विषय ठेवू शकते. व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद घालून काही मिळत नाही.
- उद्यम नोंदणी असेल तर खातं एनपीए व्हायच्या आधीच बँकेला तसं लेखी कळवा. अडचणीतल्या लघुउद्योगांसाठी २०१५ ची पुनरुज्जीवनाची चौकट आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रो निट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बँकांनी ती पाळायची आहे, पण उद्योजकानेही आपण लघुउद्योग आहोत हे वेळेत कागदपत्रांसह पुढे आणलं पाहिजे.
- बँकेची कारवाई नियमाबाहेर वाटत असेल तर ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. त्यासाठी वकील गाठा आणि दिवस मोजा.

लिलाव टळणारच नसेल, तर एक शेवटचं काम करा. बँकेला आणि सोसायटीला एकच पत्र द्या. मजकूर साधा असू दे:

*"माझ्या अमुक क्रमांकाच्या फ्लॅटचा लिलाव होणार आहे. सोसायटीची आजची थकबाकी इतकी आहे, खातेउतारा सोबत जोडला आहे. कर्ज व खर्च वजा जाता रक्कम शिल्लक राहिल्यास त्यातून सोसायटीची देणी परस्पर द्यावीत आणि उरलेली रक्कम मला मिळावी. दोघांनीही या पत्राची पोच द्यावी."*

याचा फायदा बघा. लिलाव १८ लाखांचा, बँकेचं कर्ज आणि खर्च १४ लाख, उरले ४ लाख. त्यातून २ लाख ३३ हजार सोसायटीला गेले तरी १ लाख ६७ हजार तुमचे. नाहीतर उरलेले पैसे कोणाचे यावर वाद, सोसायटीचा वसुली दाखला तुमच्या नावावर तसाच, आणि घर गेल्यावरही जुन्या घराचं देणं मागे. पैसे उरलेच नाहीत तरी पत्राने एवढं होतं की त्या तारखेचा आकडा कागदावर येतो.

आणि कर्ज काढायच्या आधी

ज्यांनी अजून घर तारण ठेवलेलं नाही, त्यांनी आजच कर्जाच्या हिशोबात एक ओळ वाढवा. धंद्याच्या महिन्याच्या खर्चात हप्ता लिहिता ना? त्याच्याखालीच तारण मालमत्तेचा मेंटेनन्स आणि घरपट्टी लिहा. हप्ता २२ हजार आणि मेंटेनन्स २ हजार असेल तर तुमचा खरा हप्ता २४ हजार आहे. सहा महिन्यांचा राखीव निधी ठेवायचा सल्ला आपण नेहमी देतो. तोही २४ हजारांच्या हिशोबाने ठेवा, म्हणजे १ लाख ४४ हजार.

या आठवड्याचा होमवर्क

तुमचा फ्लॅट किंवा गाळा सोसायटीत असेल, तर या रविवारी सेक्रेटरीकडून खातेउतारा आणा. थकबाकी शून्य असली तरी आणा आणि फाइलला लावा. लिलावातली मालमत्ता बघत असाल, तर सरकारी बँकांच्या बँकनेट पोर्टलवरची एक जाहिरात उघडा आणि वरच्या सहा मुद्द्यांवर टिक करत जा. किती मुद्द्यांची उत्तरं जाहिरातीत मिळत नाहीत ते मोजा. तेवढे प्रश्न घेऊन बँकेत जायचं. उत्तरं लेखी मिळाली तरच अनामत भरायची, आणि कागद वकिलाला दाखवून.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, जोरात करा, पण हिशोब पूर्ण करा!